बत्तीस आषाढ

प्रणवेश तालुकदारांनी आईचा वाढदिवस करायचं ठरवलं, तेव्हा तो आधी शोधावा लागेल अशी त्यांना कल्पना नव्हती. वाढदिवस ही काही हरवणारी वस्तू नव्हे. चष्मा हरवतो, छत्री हरवते, त्यांच्या विजयगडच्या कॉलनीत तर एकदा हापशाचा आख्खा दांडा हरवला होता. पण जन्माचा दिवस ठेवला तिथेच असणार, असं ते चौसष्ट वर्षं धरून चालले होते.

सुरुवात त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाला झाली. ज्येष्ठातला दिवस, कोलकात्याच्या उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि मा, म्हणजे शैलबाला तालुकदार, वय अठ्ठ्याऐंशीच्या आगेमागे, सकाळपासून गॅससमोर उभी राहून मुलासाठी तांदळाचं पायस ढवळत होती. पायस खाल्ल्याशिवाय बंगाली माणसाचं वय वाढत नाही. माचा हात थरथरत होता, डाव पातेल्याच्या कडेला टकटक वाजत होता. सून रेबाने मदतीला हात पुढे केला की मा तिच्याकडे नुसती बघायची आणि रेबा हात मागे घ्यायची. प्रणवेशबाबूंनी पहिला चमचा उचलला आणि तो टकटक आवाज त्यांच्या डोक्यात शिरला.

"मा, तुझा वाढदिवस कधी असतो गं?"

"चौसष्टाव्या वर्षी सुचलं," रेबा भांड्यांना ऐकवत म्हणाली. "काहींना तेवढंही सुचत नाही."

"तुला माहीत आहे का?"

"मला काय विचारता? आई तुमची."

"बत्तीस आषाढ," मा म्हणाली. शेजारच्या घराचा नंबर सांगावा इतक्या सहज.

प्रणवेशबाबू निवृत्त भूगोल शिक्षक. पृथ्वी, सूर्य आणि त्यांच्यातले संबंध हा त्यांचा खास प्रांत. बंगाली महिने सूर्याच्या चालीने चालतात, आणि सूर्य काही सरकारी नोकर नाही. एखाद्या राशीत तो रेंगाळला की महिना लांबतो. त्यामुळे आषाढ कधी एकतीस दिवसांचा, तर कधी बत्तीस. हे सगळं त्यांनी वर्गात फळ्यावर काढून दाखवलेलं होतं. पण त्या जास्तीच्या दिवशी कोणी जन्माला येऊ शकतं, तेही आपल्याच घरातलं, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी कपाटावरचं गुलाबी पुठ्ठ्याचं पंचांग काढलं, धूळ झटकली, आषाढाचं पान उघडलं. एकतीसवर महिना संपला होता. खाली श्रावण लागला होता.

"मग यंदा नाही," मा म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

आता हे 'पुढच्या वर्षी' काही प्रणवेशबाबूंना गिळवेना. चैत्रात डॉक्टरांनी माची छाती तपासली होती, जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मग रेबाला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाले होते, जे काही करायचं मनात असेल ते करून घ्या. रेबाने ते नवऱ्याला सांगितलं होतं, माला नाही. त्या दिवसापासून घरात सगळे फार मोठ्याने आणि फार आनंदाने बोलत होते. मा मूर्ख नव्हती, पण तीही तसंच बोलत होती.

"मग एकतीसला करू," ते म्हणाले. "एका दिवसाने काय होतंय?"

"एकतीस कशी? त्या दिवशी महिनाअखेरची संक्रांत. पितरांचा दिवस तो."

"बरं, मग एक श्रावण."

"श्रावण मनसादेवीचा. सापांच्या देवीचा दिवस मी घेऊ? वेडा आहेस का? बत्तीस म्हणजे बत्तीस. नसेल तर राहू दे, मला कुठे पायसाची हौस आहे."

ती चौसष्ट वर्षं हेच सांगत होती की तिला पायसाची हौस नाही. प्रणवेशबाबूंनी आज पहिल्यांदा ते नीट ऐकलं. आणि त्यांनी मनाशी निश्चय केला, की ह्या वर्षीच्या आषाढात बत्तीस तारीख कुठेतरी असेलच आणि आपण ती शोधून काढू.

सल्ल्यासाठी ते पहिल्यांदा हरिसाधन सान्यालांकडे गेले. हरिसाधनबाबूंच्या घरी तीन पिढ्या गुलाबी पंचांग येत होतं. ते पंचांग बघितल्याशिवाय वांगं खात नसत, कारण अमुक तिथीला वांगं निषिद्ध. त्यांनी डोळे मिटून संपूर्ण विषय समजावला.

"हे बघा, सूर्य कर्केत शिरला मध्यरात्रीच्या आधी, तर दुसऱ्या दिवशी महिना बदलतो. मध्यरात्रीनंतर शिरला, तर आणखी एक दिवस थांबायचं. यंदा तो आधी शिरतोय. थोडक्यात हुकलंय तुमचं."

"किती थोडक्यात?"

"थोडक्यात म्हणजे थोडक्यात. सूर्याशी घासाघीस करता येत नाही, प्रणवेशबाबू."

समोरच्या गॅलरीत मृगांक धर कुंडीला पाणी घालत होते. हवामान खात्यातून निवृत्त. ह्या कॉलनीत दोन माणसं एकमेकांशी बोलू लागली की तिसरा आपोआप उगवतो.

"घासाघीस करता येत नाही, पण गणित करता येतं," ते तिथूनच ओरडले. "तुमचं ते गुलाबी पंचांग हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या गणितावर चाललंय. आकाशात सूर्य एकीकडे, तुमच्या पानावर दुसरीकडे. शुद्ध पंचांग बघा की!"

"शुद्ध!" हरिसाधनबाबू उठून उभे राहिले. "म्हणजे आमचे बापजादे अशुद्ध दिवशी लग्नं करत होते? राजा शशांकाच्या काळापासून हे सन चालत आलंय..."

"शशांक कुठून आला? अकबराने सुरू केलं. पिकं हातात आल्यावर सारा वसूल करता यावा म्हणून."

"अकबराला बंगाली येत होतं का?"

"शशांकाला गणित येत होतं का?"

वाद अर्धा तास चालला. त्यात दोघांच्या बायका, वर्तमानपत्रवाला आणि एक वाट चुकलेला गृहस्थ सामील झाले. प्रणवेशबाबूंनी घरी येऊन माला सगळं सांगितलं. ती सुपारी कातरत होती.

"शशांक असो की अकबर," ती म्हणाली, "कॅलेंडर करताना घरातल्या बायकांना कुणी विचारलं होतं का, कुठला दिवस मोकळा आहे म्हणून?"

पण मृगांकबाबू संध्याकाळी आपलं पंचांग घेऊन आले, आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे, आषाढाच्या तळाशी, खरोखरच बत्तीस आकडा होता. त्यांच्या गणिताप्रमाणे सूर्य मध्यरात्रीनंतर शिरत होता. प्रणवेशबाबूंना भडभडून आलं. मृगांकबाबूंना मिठी मारावी असंही वाटलं, पण फुटबॉलमध्ये मृगांकबाबू मोहनबागानचे आणि तालुकदार पिढीजात ईस्ट बंगालचे. त्यांनी चहावर भागवलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथेच थांबून घरातल्या घरात एक वाटी पायस केलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण सापडलेली वस्तू माणूस चारचौघांना दाखवतोच. प्रणवेशबाबूंनी समारंभ ठरवला, निमंत्रणपत्रिका छापायचं ठरवलं, वॉर्डाचा हॉल घ्यायचं ठरवलं, आणि बरिशालला, सीमेपलीकडे राहिलेल्या खोकनमामांना, म्हणजे माच्या एकुलत्या हयात धाकट्या भावाला, बोलवायचं ठरवलं.

पत्रिकेवरून पहिला खटका उडाला. छापखानेवाल्याने विचारलं, "इंग्रजी तारीख?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण प्रणवेशबाबूंनी वैशाखाच्या पहिल्या दिवशी कॉलनीच्या कार्यक्रमात 'आपण आपल्या तारखा विसरलो' ह्या विषयावर भाषण केलं होतं. भाषणानंतर एका आगाऊ मुलीने त्यांना विचारलं होतं, "सर, आज बंगाली सन कितवं सुरू झालं?" आणि त्यांना मागच्या कापडी फलकाकडे वळून बघावं लागलं होतं. ती जखम अजून ओली होती.

"बंगाली माणसाच्या पत्रिकेवर इंग्रजी तारीख नको," ते म्हणाले.

"मग वार तरी?"

"पंचांग बघतील."

हॉलची गोष्ट वेगळी. तिथला कारकून सज्जन होता, पण त्याच्या समोर कॉम्प्युटर होता.

"बत्तीस तारीख घेत नाहीये."

"बंगाली तारीख आहे."

"कॉम्प्युटर बंगाली नाहीये, सर. उत्सवमूर्तींचं आधार कार्ड द्या. ज्येष्ठ नागरिकाचं असेल तर वेगळ्या रांगेत घेतो."

आधार कार्डावर माची जन्मतारीख एक जानेवारी होती. कॉलनीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच होती. फाळणीनंतर बोचकी घेऊन आलेल्या माणसांना सरकारने विचारलं, जन्म कधीचा? त्यांनी सांगितलं, मोठा पूर आला होता त्या वर्षी. सरकारने एक जानेवारी लिहून घेतलं. कारकुनाने कार्डाकडे बघितलं, मान डोलावली, बटणं दाबली आणि म्हणाला, "झालं." प्रणवेशबाबूंनी पावती न वाचताच घडी करून खिशात ठेवली. शिक्षकाने दुसऱ्याचं लिहिलेलं न वाचणं हा निवृत्तीचा एकमेव खरा आनंद आहे.

केकवाल्या मुलीने फोनवर विचारलं, "केकवर काय लिहू?" ते म्हणाले, "शुभ जन्मदिन, बत्तीस आषाढ." तिच्या मागे ट्राम खडखडत असावी, कारण ती "बत्तीस, बरं" एवढंच म्हणाली.

*

मृगांकबाबूंच्या शुद्ध पंचांगाप्रमाणे समारंभाला दोन दिवस होते. प्रणवेशबाबू कमरेला गमछा गुंडाळून, स्टुलावर उभे राहून जाळी काढत होते, तेव्हा दारात एक रिक्षा थांबली. तिच्यातून आधी एक गोणपाटाचं बोचकं उतरलं, मग एक काठी, आणि मग ब्याऐंशी वर्षांचे खोकनमामा.

"उशीर तर नाही झाला ना?" ते म्हणाले. "सगळे कुठे आहेत?"

"मामा! परवा आहे."

"परवा कसं? आमच्याकडे महिने ठरलेले. आषाढ एकतीसला संपतो, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. बत्तीस आमच्याकडे नसतोच. म्हटलं, प्रणवला शेवटचा दिवस म्हणायचा असेल. तो आज."

"आमच्याकडे आज तीस आहे."

"अरे, तीन तास सीमेवर रांगेत उभा राहिलो," मामा खिन्नपणे म्हणाले. "मला वाटलं तीन तासच मागे पडलोय."

मा आतून भिंतीला धरत आली. तिने मामांच्या गालावरून हात फिरवला. मग ती म्हणाली, "दाढी नाही केलीस?" आणि मामा रडायला लागले. बोचक्यात चिनीगुडा तांदूळ होता, बारीक, वासाचा, त्यांच्या बरिशालकडचा. रेबाने दूध तापत ठेवलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तुझा दिवस चुकला असं कोण सांगणार? माने संध्याकाळी पायसाची वाटी खाल्ली, चाटून खाल्ली, आणि हौस नसल्याचं काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला हरिसाधनबाबू सपत्नीक, चुण्या पाडलेल्या धोतरात, संतापाने लाल होऊन आले. त्यांच्या मागे गुलाबी पंचांगाचे आणखी नऊ निष्ठावंत होते.

"काय थट्टा आहे ही? हॉलवर गेलो तर होमिओपॅथीच्या डॉक्टरांचं संमेलन! आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं, मूळव्याधीवर व्याख्यान ऐकवलं. उठताही येईना."

"पण हरिसाधनबाबू, तुम्हीच म्हणालात यंदा बत्तीस नाही."

"नाहीच! म्हणून तर संक्रांत धरली. पत्रिकेवर चूक असली तरी पाहुण्याने समजून घ्यायचं असतं. इतकी वर्षं शेजारी आहोत."

रेबाने लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळल्या, बटाट्याची भाजी केली, पुन्हा दूध आटवलं. नऊ निष्ठावंतांनी एकेक करून माच्या पायाला हात लावला. एकाने तिला तांबडा काठ असलेली साडी दिली आणि तांबडा काठ सवाष्णींचा, ही तर विधवा, हे आठवून लगेच परत घेतली. माने ती त्याच्या हातातून काढून मांडीवर ठेवली. "असू दे," ती म्हणाली, "दिसायला काय हरकत आहे?" प्रणवेशबाबू मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. आपल्या हातून एक साधा दिवससुद्धा नीट मांडला जात नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

तिसरा दिवस मृगांकबाबूंचा, म्हणजे खरा. हॉलला कुलूप होतं. कारकून फोनवर म्हणाला, "तुमचं बुकिंग एक जानेवारीला आहे, सर. कार्डाप्रमाणे." आचारी आधीच भांडी घेऊन आला होता. त्याने गल्लीतच चूल मांडली. खुर्च्या हापशाभोवती लावल्या. केक आला. त्यावर गुलाबी मलईत मोठ्ठा बत्तीस होता, आषाढ कुठेच नव्हता, आणि पेटीत तीन आणि दोन अशा आकड्यांच्या मेणबत्त्या होत्या. पाहुण्यांनी माच्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला.

"बायकांचं वय लिहायचं नसतं," मा केक बघून म्हणाली. "पण लिहिलंच आहे तर बरं लिहिलंय."

सगळं ह्या हशावर निभावलं असतं. पण हरिसाधनबाबू दुसऱ्या दिवशीही जेवायला आले होते, आणि कोशिंबीर वाढून घेता घेता म्हणाले, "आज एक श्रावण. चुकीच्या दिवशी वाढदिवस केला तर आयुष्य घटतं, असं म्हणतात."

रेबाने डोळे मिटले. प्रणवेशबाबूंच्या हातातलं पातेलं खाली ठेवताना जोरात वाजलं. मृगांकबाबू उसळले, "बत्तीस आहे! सिद्ध करून देतो!" आणि दोघांनी आपापली पंचांगं उघडली. ती दोघांच्याही पिशवीत होती.

"बास!" प्रणवेशबाबू ओरडले. मुलांच्या वर्गातही ते कधी असे ओरडले नव्हते. "मामा, तुम्ही सांगा. तुम्ही तिथेच वाढलात. माचा जन्म नक्की कधीचा? आजोबांनी काय सांगितलं होतं?"

खोकनमामांनी काठी खुर्चीला टेकवली.

"बाबांना कुठे माहीत होतं," ते म्हणाले. "आम्हा भावांचं सगळं ठाऊक होतं. घटका, पळं, कोण सुईण होती. माझ्या वाढदिवसाला पायस व्हायचं, आणि दीदी माझ्या ताटाजवळ बसायची. पातेलं खरवडायला मिळावं म्हणून. दीदीचा दिवस कुणी धरलाच नव्हता. बत्तीस कुठून आला, मलाही माहीत नाही."

सगळे माच्याकडे बघू लागले. मा तांबडा काठ बोटाने सपाट करत होती.

"आजीला विचारलं होतं मी," ती म्हणाली. "ती म्हणाली, पाऊस होता आणि गाय व्याली होती. गाईचा दिवस आठवत होता तिला, माझा नाही. मग मी पंचांग काढलं. म्हटलं आपणच एक घेऊ. पण सगळे दिवस कुणाचे ना कुणाचे. हा खोकनचा, हा दादाचा, ही एकादशी, हा मनसादेवीचा, हा पितरांचा. आषाढाच्या तळाला एक बत्तीस होता. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. ना देव, ना माणूस. म्हटलं, हा उरलाय, हा माझा. पुढच्या वर्षी बघितलं तर नव्हताच. मला बरंच वाटलं. म्हटलं, दर वर्षी दिसत नाही म्हणजे दुसरं कुणी मागायला येणार नाही."

हापशाच्या तोंडातून थेंब पडत होता. हरिसाधनबाबूंनी पंचांग मिटून मांडीखाली ठेवलं, जसं काही ते त्यांचं नव्हतंच. प्रणवेशबाबूंना लहानपणचे आपले सगळे वाढदिवस आठवले, ते पातेलं आठवलं, आणि ते खरवडायला कोण बसायचं तेही आठवलं. ते उठले, मोठ्या वाटीत पायस घेतलं आणि माच्या समोर खुर्चीवर बसून चमचा तिच्या तोंडाशी नेला. चमचा तिच्या दातांना लागून वाजला.

"अरे हळू," मा म्हणाली. "तीन दिवस पायस खातेय. साखर वाढली तर डॉक्टर मला नाही, रेबाला बोलेल."

मग तिने तोंड पुसलं आणि दोघा पंचांगवाल्यांकडे वळली.

"एवढे शिकलेले आहात, तर एक सांगा. पुढच्या वर्षी आहे का बत्तीस?"

पुढच्या वर्षीचं पंचांग अजून छापलं जायचं होतं. मृगांकबाबूंनी खिशाला हात लावला. पेन्सिल होती, पण ती त्यांनी बाहेर काढली नाही. कर्केत सूर्य कधी शिरेल ह्याचं गणित तोंडी होत नाही, हे भूगोलाच्या शिक्षकाला पक्कं ठाऊक होतं. मृगांकबाबूंनी हरिसाधनबाबूंकडे बघितलं. जन्मात कधी एकमत न झालेली ती दोन माणसं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली.

"आहे, माशिमा," मृगांकबाबू म्हणाले.

"नक्की आहे," हरिसाधनबाबू म्हणाले. पंचांगाशिवाय वांगंसुद्धा न खाणारे हरिसाधनबाबू.

माने दोघांना आळीपाळीने निरखलं. ती मूर्ख नव्हती.

"आहे म्हणता," ती म्हणाली. "म्हणजे थांबावं लागणार. रेबा, खोकनने आणलेला तांदूळ सगळा संपवू नकोस गं."